घसारा दुसऱ्याचा, गाडी आपली

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात तीन गोष्टी चारचौघांना विचारून करतो. लग्न, फ्लॅट आणि मोटार. लग्नाच्या वेळी चारचौघं खरं सांगत नाहीत. फ्लॅटच्या वेळी त्यांना खरं माहीत नसतं. मोटारीच्या वेळी मात्र प्रत्येकाला सगळं माहीत असतं, आणि सगळ्यांचं मिळून मत एकच असतं : ‘घ्यायचीच तर नवी घ्या. जुनी घेणं म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं!’

माझं या वाक्याशी भांडण आहे. मी बँकेतला कारकून. बी. कॉम. झाल्यापासून आजतागायत दुसऱ्यांचे पैसे मोजत आलो आहे, आणि दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते : माणसं पैसे कमी आहेत म्हणून बुडत नाहीत, चारचौघांमुळे बुडतात. तेव्हा साध्या पगारदाराने मोटार घ्यावी ती जुनी, लहान आणि जमेल तर रोखीने, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा. ज्यांना पटतं त्यांनी तो आपल्या मेहुण्याला वाचायला द्यावा.

मेहुण्याला अशासाठी, की प्रत्येक घरात मोटारीतलं कळणारा एक मेहुणा असतोच. आमच्याकडेही आहे. जुन्या गाडीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा होतो.

“भावोजी, अहो, गाडी काय रोज घ्यायची वस्तू आहे का?”

“रोज घ्यायची नाही, पण रोज वापरायची आहे ना?”

“ते ठीक. पण लोक काय म्हणतील? इतकी वर्षं बँकेत, आणि गाडी सेकंडहँड!”

आता गंमत बघा. याच मेहुण्यांनी दोन वर्षांपूर्वी बावीस वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. भिंतीला आधीच्या मालकाच्या मुलाने खडूने काढलेला हत्ती होता. बाथरूमच्या नळाला आधीच्या मालकाने गुंडाळलेली चिंधी होती. पण त्या फ्लॅटला कुणी सेकंडहँड म्हटलं नाही. त्याला म्हणतात ‘रीसेल’! वास्तुशांत झाली, शंभर पान उठलं, आणि आहेर घेऊन आलेल्या एकानेही विचारलं नाही, की अहो, दुसऱ्याची डोकेदुखी का विकत घेतलीत? घर रीसेल, सोनं मोडून केलेलं, आणि मोटार तेवढी सेकंडहँड. हल्ली विक्रेत्यांनी या शब्दाची लाज ओळखून ‘प्री-ओन्ड’ असा नवा शब्द काढला आहे. म्हणजे गाडी तीच, धूर तोच, फक्त बारसं दुसऱ्यांदा केलेलं.

वास्तविक आपला सगळा वर्गच वापरलेल्या वस्तूंवर वाढलेला आहे. पाळणा मावशीकडून आलेला, दप्तर थोरल्या भावाचं, स्वेटर आतेबहिणीचा. बी. कॉम.ची पुस्तकं मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली. आधीच्या मालकाने महत्त्वाच्या वाक्यांखाली तांबड्या रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या रेघांनीच मला पदवीपर्यंत नेलं. नव्या पुस्तकात ही सोय कुठली?

आमच्या वडिलांच्या काळात तर परिस्थिती उलटीच होती. परवान्यांचं राज्य होतं. स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे जी लगेच हातात पडते अशी जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीहून चढ्या भावाने जायची, आणि ती मिळाली म्हणून माणसं पेढे वाटायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, हळूहळू गाड्या मुबलक झाल्या, आणि गाडी मुबलक झाल्याबरोबर जुनीची लाज सुरू झाली. म्हणजे ही लाज काही सनातन नव्हे. पुरणपोळीपेक्षा तर फारच अलीकडची आहे.

या लाजेने काय होतं याचा पुरावा हवा असेल तर नॅनो आठवा. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटांनी ती दाखवली. पावसात स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुलं जाताना पाहून ही कल्पना सुचल्याचं रतन टाटांनी सांगितलं होतं. लाखाची गाडी! ज्याच्यासाठी केली तो स्कूटरवाला धावत येईल असं वाटलं. तो आला, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि ‘सगळ्यात स्वस्त’ हे शब्द ऐकून परत स्कूटरवर बसला. स्वस्त हा शिक्काच गाडीला भोवला, असं पुढे खुद्द रतन टाटा म्हणाले. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या प्रकरणात इतर कारणंही असतील, पण भिजत जाईन, स्वस्त गाडीतून जाणार नाही, हा बाणा आपल्याशिवाय जगात कुठे सापडायचा नाही.

असो. लाजेचा हिशेब मांडता येत नाही, पैशाचा येतो. तो मांडू.

समजा, शोरूममध्ये सात लाखांची नवी पेट्रोल गाडी आपल्याला आवडली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रस्ता कर ११ टक्के, म्हणजे ७७ हजार. विमा, नंबर प्लेट, मॅट, आणि दाराशी उभं राहून आपल्याला हार घालणाऱ्या त्या सुहास्यवदन मुलाचा खर्च धरून गाडी आठ लाखांना घरी येते. विमा कंपन्यांकडे घसाऱ्याचं एक कोष्टक असतं. शोरूमच्या बाहेर पडून वर्ष उलटेपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनी विम्याच्या कागदावर तिची किंमत साडेतीन लाख. आठ दिले, साडेतीन उरले. साडेचार लाख रुपये पाच वर्षांच्या दिवसांनी भागा. रोजचे २४६ रुपये होतात. गाडी हलो वा न हलो. आपण गावाला असा, आजारी असा, गाडी आच्छादन पांघरून झोपलेली असो, दोनशे सेहेचाळीस!

आणि हे झालं रोखीने घेतली तर. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलंत तर हप्ता महिना सुमारे ११,२६० रुपये. सात वर्षांत भराल साधारण नऊ लाख शेहेचाळीस हजार. म्हणजे व्याजच अडीच लाखांच्या घरात, रोजचे आणखी ९६ रुपये. (आमच्या मॅनेजरसाहेबांनी हा परिच्छेद वाचू नये.)

आता तीच गाडी पाच वर्षं वापरलेली घ्या. कोष्टकाप्रमाणे साडेतीन लाखांना. पुढची पाच वर्षं वापरून दीड लाखाला विका. दोन लाख गेले, रोजचे ११० रुपये. जुनी म्हणून दुरुस्तीचे दर वर्षी जादा वीस हजार धरा, रोजचे ५५. एकूण १६५. तिकडे ३४२, इकडे १६५. निम्म्याहून कमी! पहिला मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसला, रस्ता कर त्याने भरला, हारही त्यानेच घातला. त्या सद्गृहस्थाचे आभार मानायचे सोडून आपण त्याच्या गाडीला डोकेदुखी म्हणतो.

“पण साडेतीन लाख रोख आणायचे कुठून?” असं मेहुणे विचारतात. नवीसाठी एक लाख हातचे घालणार होतात ना? ते आहेतच. तोच ११,२६० चा हप्ता बावीस महिने स्वतःच्या नावाने रिकरिंगमध्ये भरा. व्याज तुम्हाला मिळेल, आणि साडेतीन लाखांहून थोडे जास्तच उभे राहतील. बावीस महिने धीर नसेल तर दोन लाखांची घ्या. तीही चालते. चालणं हेच मोटारीचं मुख्य काम आहे.

यावर हल्ली एक नवं अस्त्र निघालं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा उपकरही गेला, ‘तेव्हा आता तरी नवी घ्या’. अहो, नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव वर लटकून राहील का? नवीच्या किमतीत झालेली कपात दाखवूनच जुनीवाल्याशी घासाघीस करायची असते. सरकारने कपात केली ती त्यासाठी नसेल, पण आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.

इथवर ज्यांना पटलं त्यांच्यातही एक धोकादायक जमात असते. नवीवाल्यांपेक्षा मला तिची भीती जास्त वाटते. हे लोक म्हणतात, “जुनीच घ्यायची ना? मग साडेतीन लाखांत लहान डबा कशाला? दहा वर्षांपूर्वीची ती लांबलचक परदेशी बनावटीची सेडान येते की! चामड्याच्या सीटा, छतातून आकाश दिसतं!” दिसतं ना. गॅरेजचं बिल आलं की तारेही दिसतात. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाने एक सूत्र पाटीवर लिहून ठेवावं : घसारा गाडीच्या किमतीला लागतो, तिच्या हेडलाइटच्या किमतीला लागत नाही. पंचवीस लाखांची गाडी साडेतीन लाखांवर येते, पण तिचे सुटे भाग पंचवीस लाखांच्याच तोऱ्यात राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही परदेशातून येईपर्यंत सहा आठवडे.

तसंच कंपनी निघून गेलेल्या गाड्यांचं. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतात गाड्या विकणं थांबवलं, त्यांच्या तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही पुढे बंद झालं. फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या, काही तर फार चांगल्या होत्या. आणि म्हणूनच त्या स्वस्तात मोहात पाडतात. ज्याच्या ओळखीत असा जाणता मिस्त्री आहे त्याने खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी दुरून नमस्कार करावा.

मग घ्यावी कुठली? माझी कसोटी साधी आहे. आपल्या गावाकडच्या रस्त्यावर, घरापासून दीडशे किलोमीटरवर, रविवारी दुपारी गाडी बंद पडली तर झाडाखालच्या गॅरेजमधला पोरगा “हां, हिचं नेहमीचंच आहे” असं म्हणतो का? म्हणाला तर ती गाडी आपली. मग ती वॅगन आर असो, अल्टो असो, स्विफ्ट असो किंवा तशीच रस्त्यावर ढिगाने दिसणारी आणखी एखादी असो. ज्या गाडीला बघून कुणी मान वळवत नाही, तिच्या पार्टसाठी आपल्याला गावभर पाय वळवावे लागत नाहीत.

पेट्रोलच घ्यावी. घर ते स्टेशन चार किलोमीटर, आणि डिझेलची स्वप्नं! एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर दमाने पळावी लागते. भाजी आणायला नेलेल्या डिझेल गाडीची जाळी तुंबते आणि मग ती साफ करायच्या खर्चात वर्षाची भाजी येते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्याच ते धरून बनवलेल्या आहेत. तेव्हा त्याआधीची घेताना इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीला बघायला सांगाव्यात. वय पाच ते आठ वर्षं असावं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते यावरून कळेल.

प्रत्यक्ष गाडी बघायला गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. या राज्यातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. डॉक्टरची नसेल तर डॉक्टरीणबाईंची असते. ती फक्त दवाखाना ते घर फिरलेली असते, आणि ‘सिंगल हँड’ असते. डॉक्टर दुसऱ्या हाताने काय करत होते ते एजंट सांगत नाही. अशा वेळी मी बँकेतली पद्धत वापरतो. गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकून घ्यायचं आणि कागद काय बोलतो ते लिहून घ्यायचं.

मीटरवर तीस हजार किलोमीटर आहेत? मग ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा. ते गुळगुळीत झालेलं असेल तर डॉक्टर दवाखान्यात काश्मीरमार्गे जात होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या, तीस हजार फिरलेल्या गाडीला चारही टायर नवे कोरे का, हे प्रेमाने विचारा. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा, की इंजिन चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे का बघा. गरम गाडी कुणाचीही चालू होते. गाडीचा स्वभाव गार असताना कळतो, माणसाचा गरम असताना. निळसर धूर आला तर ती पेट्रोलबरोबर ऑइलही पिते. बॉनेटचे नटबोल्ट पान्याने खरवडलेले, दाराच्या रबराखाली रंग वेगळा, तर समजावं की गाडीचा आणि एखाद्या झाडाचा पूर्वी निकटचा परिचय होता. शेवटी आपला मिस्त्री न्या. त्याला पाचशे-हजार रुपये द्या, चहा पाजा, आणि तो “नको” म्हणाला तर निमूट घरी या. त्याच्याशी वाद घालायचा नाही. मेहुण्याला मात्र नेऊ नका. तो गाणी किती छान वाजतात तेवढंच बघतो.

आणि कागद! इथे मात्र मी गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला हार जाणार नाही. आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. कर्ज फिटलंय असं मालक छातीवर हात ठेवून सांगतो. छातीवरचा हात चालत नाही, बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असा कायदा आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो. ‘नाव बदलू हो सावकाश, आपण काय परके आहोत का’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही एक सांगायला हवं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोंद ज्याच्या नावावर तो कायद्याने मालक. विकलेल्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारात यायची. एवढं सांगितलं की परकेपणा आणि सह्या दोन्ही ताबडतोब होतात.

गाडी घेताना दहा टक्के पैसे मागे ठेवावेत. घरी आणल्याबरोबर ऑइल, कूलंट, फिल्टर, बॅटरी, ब्रेक, गरज असेल तर टायर. जुन्या मालकाने विकायचं ठरवल्या दिवसापासून गाडीवर एक पैसा खर्च केलेला नसतो. आपणही केला नसता.

आता शेवटचं. मेहुणे म्हणतात, “भावोजी, एवढा हिशेब करून जगण्यात मजा काय?” मला विचाराल तर मजा हिशेबातच आहे. काउंटरच्या आत बसून मी जे बघतो ते त्यांनी बघितलेलं नाही. जून महिना आला की माणसं मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मुदत ठेव मोडायला येतात. पावती पुढे सरकवताना नजर चुकवतात. त्यांच्याच खात्यातून पाच तारखेला मोटारीचा हप्ता न चुकता जात असतो. आणि ही मोटार कुठे असते? तर पार्किंगमध्ये, आच्छादनाखाली. पावसात न्यायची नाही, चिखल लागतो. बाजारात न्यायची नाही, ओरखडा पडतो. घरच्या म्हाताऱ्या आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षा बोलावतात, कारण डॉक्टरकडे पार्किंगला जागा कशी मिळेल याची खात्री नसते. आई बिचारी रिक्षात चढताना कठडा धरून त्या झाकलेल्या गाडीकडे बघते आणि म्हणते, “जपा हो, नवी आहे.”

मी म्हणतो, गाडीने माणसं जपायची की माणसांनी गाडी? जुन्या गाडीला पहिला ओरखडा आधीच पडलेला असतो, ही तिची सगळ्यात मोठी श्रीमंती. तिच्यात ओली छत्री टाकता येते, गावाकडून फणस आणता येतो, नातवंडाला ओकारी आली तर आधी नातवंडाकडे बघता येतं. जिना उतरलेल्या आईला दार उघडून बसवायचं आणि भर पावसात दवाखान्याच्या पायरीला गाडी लावायची. यासाठीच मोटार असते. बाकी सगळा चारचौघांचा खर्च आहे, आणि चारचौघं हप्त्याच्या दिवशी आमच्या काउंटरवर कधीच दिसत नाहीत.